आमची वाटचाल : कॅडेट ते लेफ्टनंट

एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र घेऊन मुलगा आमच्या संस्थेत सैन्यातला अधिकारी होण्याच्या तयारीसाठी येतो तेव्हा त्याला बरंच काही येत असतं. सॅल्यूट कडक असतो, पॉइंट टू टू रायफल चालवलेली असते, नकाशावर ग्रिड रेफरन्स (चौकटींच्या आकड्यांवरून ठिकाण) काढता येतो, शिबिरांमुळे पहाटेच्या पीटीची सवय झालेली असते. कॉलेजातल्या एनसीसीने त्याला शिस्त दिलेली असते आणि ती फार मोलाची आहे. पण उद्या खांद्यावर दोन तारे लागले की त्याला एक प्लाटून मिळेल. त्यात तीन सेक्शन, म्हणजे तीसेक जवान असतील. त्यातला हवालदार कदाचित पंधरा वर्षं नोकरी झालेला असेल, दोन-तीन ठिकाणी गोळीबार पाहिलेला असेल, आणि तो या बावीस-तेवीस वर्षांच्या साहेबाच्या हुकुमाची वाट पाहत उभा असेल. त्या क्षणासाठी मुलांना तयार करणारं कुणीतरी असावं, म्हणून आमची संस्था सुरू झाली.

मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीचा अधिकारी म्हणून, इन्फंट्रीत (पायदळात) होतो. माझे भागीदार निवृत्त सुभेदार आहेत. मी आजही त्यांना 'साहेब' म्हणतो. फौजेत अधिकारी जेसीओला (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदारासारखा जवानांतूनच वर आलेला अनुभवी माणूस) असंच संबोधतो, आणि आमच्या मैदानावर आलेल्या मुलाला ही रीत पहिल्याच दिवशी कळते. फौजेतून बाहेर पडताना मिळालेल्या ग्रॅच्युइटीतून मी जमिनीचं पहिलं भाडं आणि तंबू-बाकांचा खर्च उचलला. मैदान साहेबांनी उभं केलं. बांबू, फळ्या, पिंपं, जाड दोरखंड, टायर, लाल-पांढरा रंग असं सगळं सामान त्यांनी स्वतः फिरून जमवलं. गावातल्या सुताराला हाताशी धरून त्यांनी निवड परीक्षेत असतात तसे अडथळे बांधून घेतले. प्रत्येक गाठ आणि प्रत्येक खिळा ते आजही सकाळी तपासतात. मुलांचा जीव त्यावर असतो, म्हणून ते काम त्यांनी कुणाकडे सोपवलेलं नाही.

सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसीच्या मुलांना खास प्रवेशाची वाट आहे, हे तालुक्याच्या कॉलेजात अजूनही पुष्कळांना नीट माहीत नसतं. वय १९ ते २५, पदवीला किमान ५० टक्के, 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' ग्रेड आणि अविवाहित असणं, एवढ्या अटी पूर्ण झाल्या की सीडीएसची (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेसची) लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज छाननीत टिकला की थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या चाचण्यांचं, बोलावणं येतं. पुढे निवड, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी पार केली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. वर्षातून दोनदा अर्ज निघतात, जागा मोजक्याच असतात. या वेळापत्रकावरच आमच्या तुकड्या चालतात.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण त्याच दिवशी घरी परततात. अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे हमखास मासळी बाजार होतो. मोठ्याने बोलणारा जिंकतो असं मुलांना वाटतं. गोंगाटात शांतपणे दोन मुद्दे मांडून शेजारच्या अबोल मुलाला 'तू काय म्हणत होतास?' असं विचारणारा मुलगा आम्हांला जास्त आश्वासक वाटतो. पलटणीतही नेमकं हेच लागतं.

संस्था सुरू केली तेव्हाच एक गोष्ट ठरवली होती आणि तिची किंमत आम्ही वर्षानुवर्षं मोजली. तयार गोष्टी आणि पाठ करायची उत्तरं विकायची नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्यांत साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग येतात, सगळ्यांना मिळून तीस मिनिटं. इतक्या घाईत आतलं जे असेल तेच कागदावर उतरतं. पाठांतर केलेल्या मुलाचं लेखन एक सांगतं, मैदानावरचं वागणं दुसरं आणि मुलाखत तिसरं. तीन परीक्षक तीन बाजूंनी एकाच माणसाकडे पाहत असतात, ती विसंगती लपत नाही. आम्ही हे पालकांना समजावून सांगायचो आणि काही पालक 'निवडीची हमी' लिहिलेल्या फलकाच्या क्लासकडे निघून जायचे. सुरुवातीच्या काळात तुकडी इतकी लहान असायची की जागेचं भाडं साहेबांच्या पेन्शनमधून गेलं. त्यांनी एकदाही त्याचा उच्चार केला नाही. आजही आम्ही हमी देत नाही.

इंग्रजीची भीती हा आपल्या मुलांचा मोठा अडसर. शेतकऱ्याचा, एसटी चालकाचा मुलगा दहा किलोमीटर सहज धावतो, पण तीन मिनिटांच्या लेक्चरेटला (दिलेल्या विषयावरच्या छोट्या भाषणाला) उभा राहिला की घसा कोरडा पडतो. आम्ही रोज संध्याकाळी एक बातमी वाचायला देतो आणि ती आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत सांगायला लावतो. मराठीत जो विचार स्वच्छ मांडू शकतो, त्याचं इंग्रजी महिन्या-दोन महिन्यांत सुधारतं. ज्याचा विचारच विस्कटलेला असतो, त्याला व्याकरणाच्या पुस्तकाचा उपयोग होत नाही.

आता मुख्य काम. आठवड्यात एक दुपार साहेबांची असते. मुलांची दहा-दहाची सेक्शनं केलेली असतात. एक जण त्या आठवड्याचा कमांडर असतो. आपल्या दहाही जणांचं नाव, गाव, घरात कोण आहे, कुणाच्या टाचेला फोड आहे, हे त्याला माहीत असलंच पाहिजे. साहेब कधीही विचारतात. मग ते स्वतः जवानाची भूमिका घेतात. घरी भावाभावांत जमिनीचा वाद पेटला आहे, आई आजारी आहे, छुट्टी आजच हवी. आणि परवा युद्धसराव आहे. मुलगा काय करेल? काही जण लगेच छुट्टी देऊन टाकतात, काही नियम सांगून त्याला परत पाठवतात. साहेब दोघांनाही थांबवतात. तू सेक्शन कमांडरला विचारलंस का? प्लाटूनच्या जेसीओशी बोललास का? घरी फोन लावून खरं काय ते पाहिलंस का? हा सराव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझी पलटणीतली पहिली वर्षं आठवली. लेफ्टनंटला सगळं माहीत असावं अशी जवानांची अपेक्षा नसते. त्याने विचारावं, ऐकावं आणि मग निर्णय स्वतः घ्यावा, एवढीच असते.

तोंडी हुकूम देणं हा दुसरा मोठा धडा. परिस्थितीची माहिती, काम काय, ते कसं करायचं, रसद-पाणी-जखमींची व्यवस्था आणि संपर्क कसा ठेवायचा, हा क्रम एनसीसीतही शिकवतात. आम्ही पुढची पायरी घेतो. हुकूम दिल्यावर सेक्शनमधल्या सगळ्यात गप्प मुलाला तो परत सांगायला लावतो. त्याला जे कळलं नाही, ते कमांडरने सांगितलंच नव्हतं असं धरायचं. हा नियम मुलांना सुरुवातीला अन्यायकारक वाटतो. अंधारात, पावसात, दमलेल्या माणसांबरोबर काम करायची वेळ आली की त्याचा अर्थ उमगतो.

जेवणाच्या रांगेत कमांडर शेवटी उभा राहतो. १९३२ साली देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीच्या उद्घाटनाला सर फिलिप चेटवूड यांनी जो क्रम सांगितला, आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं आणि सगळ्यात शेवटी तुमची स्वतःची सोय, तो अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी पाळला आहे. आमच्या मुलांना तो भाकरीच्या रांगेतच शिकायला मिळतो. भाजी संपली तर कमांडर चटणीवर भागवतो. तक्रार ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

मुलींची तुकडी आम्हांला पहिल्यापासून हवी होती, पण पालक बिचकायचे. कुपवाड्यात २०१५ मध्ये वीरमरण आलेल्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, त्यानंतर घरोघरची भाषा बदलली. आता आई स्वतः मुलीला घेऊन चौकशीला येते. याच अकादमीत १९९२ पासून स्त्रिया प्रशिक्षण घेत आहेत, हे त्यातल्या अनेकींना आमच्याकडे आल्यावर कळतं. मुलींच्या सेक्शनला अडथळे, वजन, हुकूम यांत आम्ही वेगळं माप लावत नाही. अडथळ्याची परीक्षेत जी उंची असते तीच इथे.

वैद्यकीय तपासणीबद्दल एवढंच सांगतो: सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग ओळखण्यातला दोष, वाढलेलं वजन, कानातला मळ यांची तपासणी कॉलेजच्या पहिल्या वर्षालाच करून घ्या. यातल्या काही गोष्टी सुधारता येतात, काही येत नाहीत, आणि ते लवकर कळलेलं बरं.

आमची काही मुलं आज पलटणींत आहेत. मराठी मुलगा गोरखा रायफल्समध्ये गेला की जवानांची नेपाळी शिकतो, मद्रास रेजिमेंटमध्ये गेला की तमिळ शिकतो. सुट्टीवर आले की ते मैदानावर येतात आणि साहेबांसमोर बसून प्रश्न विचारतात: सैनिक संमेलनात (अधिकारी जवानांशी थेट बोलतात त्या बैठकीत) अवघड प्रश्न आला तर काय उत्तर द्यावं, बदलून आलेल्या नव्या जेसीओशी जमवून कसं घ्यावं. त्यांचे हेच प्रश्न आम्ही पुढच्या तुकडीच्या सरावात घालतो, त्यामुळे आमचा अभ्यासक्रम दर सहामाहीला थोडा बदलतो.

या वर्षीपासून आम्ही कॉलेजांच्या एएनओ सरांना (एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना) विनंती करतो आहोत की मुलांना तिसऱ्या वर्षाऐवजी दुसऱ्या वर्षातच आमच्याकडे पाठवा. 'सी'च्या परीक्षेची ग्रेड, पदवीचे गुण आणि शरीर, तिन्हींवर काम करायला तेव्हा वेळ हातात असतो. जवळपासच्या कॉलेजांसाठी रविवार मोकळा ठेवला आहे. सकाळी मैदान, दुपारी साहेबांचा तास. कॉलेजच्या आवारातच जागा मिळाली तर फळ्या आणि दोरखंड टेम्पोत घालून आम्ही तिथे येतो.