तुम्ही विचारलंत म्हणून: हॉलवरच्या सीडीजेला माझं सॉफ्टवेअर चालेल का?

लग्नसराई सुरू झाली की नवीन मुलांचे फोन येतात. "दादा, मी घरी सेरातोवर वाजवतो. हॉलवर सीडीजे आहेत. चालेल ना?"

सेरातो म्हणजे लॅपटॉपवर डीजेसारखं वाजवायचं सॉफ्टवेअर, सीडीजे म्हणजे हॉलवर ठेवलेला पायोनियरचा डीजे प्लेअर. मी उलट विचारतो, लॅपटॉप जोडणार की पेन ड्राइव्ह नेणार? उत्तर त्यावर ठरतं.

लॅपटॉप जोडलात तर गाणी लॅपटॉपमध्येच वाजतात. प्लेअर फक्त बटणं आणि जॉग व्हील, म्हणजे हाताने फिरवायची तबकडी, पुरवतो. अशा वेळी ते नेमकं मॉडेल तुमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का, एवढं बघायचं. सीडीजे-२००० नेक्सस २ आणि सीडीजे-३००० सेरातोच्या यादीत आहेत.

पेन ड्राइव्ह लावलात की सेरातोचा संबंध संपला. गाणी प्लेअर स्वतः वाचतो. आधी लावलेले क्यू (गाण्यातल्या जागांच्या खुणा), बीटग्रिड (ठोक्यांची आखणी), प्लेलिस्ट हे सगळं तो रेकॉर्डबॉक्सच्या, म्हणजे पायोनियरच्याच सॉफ्टवेअरच्या, पद्धतीने ड्राइव्हवर लिहिलेल्या माहितीतून घेतो. नुसती गाणी कॉपी करून नेलीत तर ती वाजतील, पण फोल्डर उघडून शोधावी लागतील आणि तुमचा एकही क्यू दिसणार नाही.

मग मुलं सेरातोची लायब्ररी एखाद्या कन्व्हर्टरमधून रेकॉर्डबॉक्समध्ये आणतात. इथे एक बारीक घोळ आहे, त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. काही एमपी३ गाण्यांचे क्यू आणि ग्रिड साधारण २६ मिलिसेकंदांनी सरकतात. एमपी३ची एक फ्रेम म्हणजे १,१५२ सँपल्स. सेकंदाला ४४,१०० सँपल्स धरले तर एक फ्रेम २६ मिलिसेकंदांची होते. फाइलच्या सुरुवातीची ती फ्रेम एक सॉफ्टवेअर मोजतं, दुसरं सोडून देतं. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांना, एक ठोका जेमतेम ४६९ मिलिसेकंदांचा असतो. सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) लावून दोन गाणी एकत्र आणली आणि त्यातलं एकच सरकलेलं असेल, तर दोन्हींच्या किक, म्हणजे ढोलाचे ठोके, एकावर एक न बसता मागेपुढे पडतात, कानाला लगेच कळतं. म्हणून नेहमी वाजवायची शंभरेक गाणी तरी हेडफोन लावून, ग्रिड बघून हाताने तपासा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

माझा स्वतःचा फटका मात्र याहून साध्या कारणाने बसला. लोणावळ्याला एक संगीत होतं. नवाकोरा १२८ जीबीचा ड्राइव्ह नेला, आणि तिथल्या जुन्या प्लेअरने तो ओळखलाच नाही. एवढे मोठे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. सीडीजे-२०००च्या पिढीला एक्सफॅट चालत नाही, फॅट३२ चालतं. एनटीएफएस तर नकोच. नवरीच्या मावश्यांचा नाच पहिला होता, महिनाभर सराव केलेला. शेवटी गाणं मोबाइलवरून लावलं. मधला कट मी त्यांच्यासाठी खास केला होता, तो मोबाइलमध्ये नव्हता. मावश्या मधेच थांबल्या, एकमेकींकडे बघत राहिल्या. ते अजून डोळ्यांसमोर येतं.

फाइलचंही तसंच. फ्लॅक फाइल नेक्सस २ वाचतो, त्याच्या आधीचा नेक्सस नाही. ३२० केबीपीएसच्या एमपी३ सगळीकडे चालतात, म्हणून लग्नाला मी त्याच नेतो. नव्याचीही अडचण असते. २०२३मध्ये आलेल्या ओपस-क्वाड या पायोनियरच्या यंत्राला डिव्हाइस लायब्ररी प्लस नावाची (आता वनलायब्ररी म्हणतात) वेगळी लायब्ररी लागते. जुना ड्राइव्ह असेल तर त्यावरची लायब्ररी रेकॉर्डबॉक्समध्ये आधी बदलून घ्यावी लागते.

तुमचा कार्यक्रम शनिवारी आहे म्हणालात. हॉलवाल्यांना फक्त "सीडीजे आहे का" असं विचारू नका, ते हो म्हणतील. प्लेअरवरचं मॉडेलचं नाव दिसेल असा फोटो मागवा आणि मला पाठवा. ३२ जीबीचे दोन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, दोन्हींवर तीच गाणी रेकॉर्डबॉक्सवरून एक्स्पोर्ट करा. आणि नाचाची गाणी मोबाइलमध्येही ठेवा, कट केलेली.