नाथसागराचा पत्ता पाखरांना कोणी दिला?

संक्रांत झाली की नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, एक चक्कर मारायची, हा आमचा काही वर्षांचा नेम. यंदा सोबत भाची होती, आठवीत शिकणारी. पहाटे पाचला छत्रपती संभाजीनगर सोडलं. पैठण तसं ५० किलोमीटरवर, एसटीही भरपूर आहेत. पण एसटीनं उजाडायच्या आत काठावर पोचणं जमत नाही, आणि इथं सगळी मजा पहिल्या दोन तासांची असते. तेव्हा स्वतःची गाडी न्या, नाहीतर आदल्या रात्री पैठणला मुक्काम करा. नाथषष्ठीचे दिवस तेवढे टाळा. फाल्गुनात तेव्हा गावभर दिंड्या उतरलेल्या असतात, खोली मिळत नाही.

नवखे लोक धरणाच्या भिंतीकडे जातात. तिथं पाखरं नाहीत, आणि भिंतीवर असंच चढूही देत नाहीत. पाखरं असतात फुगवट्याच्या उथळ काठाला. पैठणच्या अलीकडे उजव्या हाताला सोनेवाडीसारख्या गावांकडे रस्ते फुटतात. बॅकवॉटरला जायचंय म्हटलं की कुणीही वाट दाखवतं. या बाजूचा मोठा फायदा असा की पाणी पश्चिमेला पसरलेलं असतं. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहतो आणि समोरचं पाखरू पिसापिसानं दिसतं. दहानंतर पाण्यावर तिरीप येते, मग डोळे दुखतात.

जलाशय लांबीला ५५ किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त २७. १९८६ साली याचं अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ३४० चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात पाखरं नेमकी कुठं बसलीत ते पाण्याच्या पातळीवर ठरतं. धरण तुडुंब असेल तर उथळ जागा बुडालेल्या असतात आणि थवे दूरदूर विखुरतात. पाणी ओसरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, पाणटिवळे आणि रोहित (फ्लेमिंगो) तिथं उतरतात. म्हणून निघण्याआधी धरणाचा टक्का पेपरात बघा. पाणी लवकर उतरलेल्या वर्षी जानेवारी उत्तम, भरलेल्या वर्षी फेब्रुवारी संपेपर्यंत थांबायला हरकत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, 'आँग आँग'. धुकं फाटलं तसे गाळपेऱ्यातल्या कोवळ्या गव्हात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, दिसले. दीडशे तरी असावेत. करडं अंग, पिवळी चोच, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. पलीकडे पाण्यात वारकरी नावाची पाणपाखरं तरंगत होती. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, पैठणच्या पाण्यात याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.

भाची बराच वेळ दुर्बिणीतून बघत होती. मग तिनं विचारलं, "मामा, हे मंगोलियातून येतात म्हणालास. पण धरण तर आजोबांच्या वेळचं आहे. यांना कसं कळलं की इथं पाणी आहे?"

प्रश्न अगदी मर्माचा होता. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये या धरणाची पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये उद्घाटन केलं. गोदावरी युगानुयुगं वाहतेय, पण हा सागर पन्नास वर्षांचा. हजारो वर्षांच्या सवयीनं अंगात भिनलेल्या गोष्टींत त्याचा पत्ता असणार कसा?

दिशा अंगात असते, हे खरं. रात्री उडणारी पाखरं आकाश वाचतात. अमेरिकेत स्टीफन एम्लेन या संशोधकानं पिल्लांना तारांगणात वाढवलं आणि तिथलं आभाळ ध्रुवाऐवजी मृगातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरवलं. त्या पिल्लांनी काक्षीचीच बाजू उत्तर दिशा मानली आणि शरदात त्याच्याकडे पाठ करून जायची धडपड केली. म्हणजे ओळख एखाद्या ताऱ्याची नसते. आभाळ कशाभोवती फिरतंय ते पिल्लू बघतं आणि मनात धरतं. ढग असले तर? जर्मनीत विल्चको या संशोधकांनी रॉबिन पक्ष्यावर प्रयोग करून दाखवलं की त्याला पृथ्वीचं चुंबकत्व जाणवतं. हे जाणवणं उजेडावर अवलंबून आहे, आणि डोळ्याच्या पडद्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन त्यामागे असावं असं २०२१ च्या संशोधनातून पुढे आलं. शिवाय सूर्य आहेच, त्याची चाल अंगातल्या घड्याळाशी ताडून बघता येते.

पण दिशा कळली म्हणजे गाव सापडलं असं नाही. पर्डेक नावाच्या डच संशोधकानं हा फरक फार सुंदर दाखवला. त्याचा निष्कर्ष १९५८ मध्ये छापून आला. हेगजवळ स्थलांतराच्या वाटेवर पकडलेल्या ११ हजारांहून अधिक युरोपी मैना (स्टार्लिंग) त्यानं स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. आधी एकदा प्रवास केलेल्या मोठ्या पाखरांनी वाट बदलली आणि नेहमीच्या मुक्कामाकडे निघाली. पहिलटकर पिल्लं मात्र ठरल्या दिशेनंच उडत राहिली आणि फ्रान्सचं दक्षिण टोक नि स्पेनमध्ये जाऊन पडली. दिशा जन्मजात होती, ठिकाण मोठ्यांनी अनुभवानं कमावलं होतं.

पट्टकादंबांची रीत आणखी निराळी. यांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांसोबत करतात. मी भाचीला म्हटलं, थव्याकडे एकत्र बघू नको, एकेक घर वेगळं काढ. पिल्लांच्या डोक्यावर पहिल्या हिवाळ्यात पट्टे धड उमटलेले नसतात. पाच मिनिटांत तिला एक कुटुंब सापडलं. दोन पट्टेवाले, मध्ये मळकट डोक्याचे तिघे. बाप मान उंच करून पहारा देत होता, बाकीचे चरत होते. त्या तिघांनी हिमालय याच दोघांच्या मागं ओलांडला असणार. उपकरणं लावलेल्या पट्टकादंबांपैकी एक ७,२९० मीटर उंचीवर गेल्याची नोंद आहे. एकदा चढून ते सरळ उडत नाहीत, खालच्या डोंगरांच्या चढउतारांप्रमाणे वरखाली होत जातात, कारण खालच्या दाट हवेत पंखांना कमी कष्ट पडतात.

देवमाशांचंही असंच आहे. कुबड्या देवमाशाचं पिल्लू पहिल्या वर्षी आईच्या अंगाला लागून थंड समुद्रापर्यंत जातं आणि वाट शिकतं. २०११ च्या एका अभ्यासात १६ देवमाशांचा उपग्रहावरून माग काढला होता. प्रवाह, वादळं असूनही ते २०० किलोमीटरहून जास्त अंतर एका अंशाचाही फरक न पडू देता सरळ गेले. नुसता सूर्य किंवा नुसतं चुंबकत्व, एकट्यानं कशानंच ते उलगडत नाही.

पट्टकादंबांची पिल्लं अशी मोठ्यांच्या मागं वाट शिकतात, म्हणून मागून येणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, थव्यापासून लांब राहा. पूर्वी मीही फोटोसाठी सरळ चालत गेलोय. सगळा थवा उठला, आम्हाला आनंद झाला. आज त्याचं वाईट वाटतं, कारण उठलेल्या गर्दीत घरं फुटतात, आणि पिल्लाला परतीची वाट अजून पुरती ठाऊक नसते. माना वर झाल्या की थांबा. चरणं थांबलं की दोन पावलं मागं या. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. होडीवाल्याला थव्यात घुसायला सांगू नका, ड्रोन तर अजिबात नको. मळकट रंगाचे कपडे घाला. चिखल वरून वाळलेला दिसला तरी पाय टाकू नका, गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि मानेला आकडे लिहिलेला पट्टा असलेलं पाखरू दिसलं तर रंग नि आकडा टिपून वनखात्याला कळवा. मंगोलियात असे पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत.

दहा वाजता परत फिरलो तेव्हा कडेच्या ज्वारीत माचाणावर एक बाबा गोफण घेऊन उभे होते. भोरड्यांचा काळा-गुलाबी लोट कणसांवर उतरायचा, गोफण सुटायची, लोट पुढच्या वावरात. "ज्वारी निसवली की आल्याच समजा," ते म्हणाले, आणि लेकरू सोबत बघून आम्हाला आगटीजवळ बसवलं. हातावर चोळून पाखडलेला गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. जानेवारीत असं कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. निघताना त्यांच्याकडूनच दोन-चार किलो हुरडा किंवा हरभरा विकत घ्या. पाखरांचा दाणा त्यांच्याच वावरातून जातो.

भाचीनं तोच प्रश्न त्यांना विचारला. बाबांनी गोफण मांडीवर ठेवली.

"पाणी आलं तव्हा मी तुझ्याएवढा. पहिल्या सालाला ही मोठी बदकं नव्हतीच. मग एका हिवाळ्यात चार-दोन उतरली. दुसऱ्या साली लेकरं घेऊन आली. मग वाढतच गेली."

धरणात शंभराहून अधिक गावं गेली, त्यात त्यांचंही गेलं. कुठं होतं, असं तिनं विचारलं. बाबा उठले, डोळ्यांवर हात धरला आणि पाण्याकडे बोट केलं. भाचीनं दुर्बीण तिकडे वळवली. पट्टकादंब गव्हातून उठून पाण्यावर गेले होते आणि नेमके तिथंच, जुन्या गावठाणावर, माना पंखांत घालून बसले होते.