पावसाला सगळं माफ

गोव्यातल्या थिवीच्या फलाटावर मुंबईची गाडी तीन तास उशिरा येत असल्याची घोषणा झाली आणि एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही. बाहेर आषाढ धो धो कोसळत होता. शेजारच्या बाईंनी फणसाची पिशवी पायाशी ओढून घेतली आणि म्हणाल्या, "पावसाक कोण कितें करतलो?" झालं, खटला निकाली.

हीच गाडी संपामुळे अडली असती तर? फलाटावर सभाच भरली असती. यांना पगार काय कमी आहेत, लोकांना वेठीला धरतात, एकेकाला घरी पाठवा! फणसवाल्या बाईच अध्यक्षस्थानी असत्या.

खरं तर रीतभात बघायची तर संपकरी बरे. रेल्वेसारख्या सेवेत संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तसा कायदाच आहे. पाऊस कुणाला नोटीस देतो? 2020च्या ऑगस्टमध्ये याच मार्गावरच्या पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली आणि गाड्या पुणे, मिरज, लोंडा असा वळसा घालत मडगावला येऊ लागल्या. 2024च्या जुलैत पुन्हा पेडण्याच्याच बोगद्यात पाणी. डोंगराला कुणी चकार शब्द बोललं नाही. उलट कोकण रेल्वेने पावसाला वेळापत्रकातच पाट मांडून दिलाय: जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात. हे शहाणपण फुकट आलेलं नाही, हेही खरं. 2003च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली.

माझ्या ओळखीचा संप एकच, 1974चा. 8 मेला देशभरच्या गाड्या अडल्या. आतेचे यजमान, म्हणजे काका, हुबळीला रेल्वेत. संपवाल्यांची क्वार्टर्स रिकामी करताहेत, अशी बातमी कॉलनीत पसरली तशी आते दोन मुलांना घेऊन निघाली. गाडी नाही, म्हणून लोंड्यापर्यंत ट्रक, मग मिळेल त्या बसने अनमोडचा घाट उतरून संध्याकाळी आमच्या मडगावच्या अंगणात हजर. हातात ट्रंक आणि काखेत पितळी स्टो. "माणसं कुठेही राहतील, स्टो रस्त्यावर फेकला तर नवा कोण देणार?" असं म्हणून तिने तो आजीच्या चुलीशेजारी ठेवला आणि जाईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

आम्हा मुलांची चंगळ. आतेभाऊ घरात, आंबे उतरलेले, आणि परत जायला गाडीच नाही! संप लांबू दे म्हणून आम्ही दामोदराला नारळ कबूल केला होता. देवाने फारसं मनावर घेतलं नाही. 27 मेला संप मागे घेतला गेला. नारळ तेवढा वाचला.

गंमत म्हणजे त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस पुढे रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वे मार्गी लागली ती त्यांनी नेट लावला म्हणून. म्हणजे ज्यांनी आतेला ट्रकमध्ये बसवलं, त्यांच्याच कृपेने मी थिवीला बाकावर बसून ताटकळत होतो.

काकांना कामावर परत घेतलं, पण सर्व्हिस बुकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, संपाच्या दिवसांचा खंड पडला. काका त्यावर कधी बोलले नाहीत. आते बोलायची. पावसात दरड कोसळून गाड्या अडल्या, की बातम्या ऐकताना कुणीतरी "काय करणार" म्हणायचंच. मग ती विणकाम बाजूला ठेवायची. "पावसाने गाड्या अडल्याचे दिवस कुणी कापले का? मग आमचेच का कापले?"

तिच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. माझ्याकडे तर अजूनही उत्तर नाही.