तुम्ही विचारलंत म्हणून: माझी वीस अंकी आवडती संख्या

गणित शिकवणारा माणूस लग्नाच्या पंगतीत सापडला की कुणीतरी विचारतंच, "सर, तुमची आवडती संख्या कुठली हो?" समोरच्याला सात किंवा फार तर कापरेकरांची ६१७४ ऐकायची असते. माझं उत्तर पानात वाढलेलं गार होईल इतकं लांब आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरली की एकूण दाणे एवढे होतात. म्हणजे २चा ६४वा घात, वजा १. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून सगळे आकारावरच थांबतात. दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर तांदूळ भरतो ४६ हजार कोटी टन. सगळं जग वर्षाला पिकवतं साधारण ५० कोटी. 'लीलावती'तली दशमानाची नावं परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी संपतात. ही संख्या १८४ परार्धांच्याही पुढे जाते. असेल. पण मोठेपणाचं काय घेऊन बसलात, एक मिळवला की हिच्याहून मोठी तयार!

मला आवडतात ते हिचे अवयव. वीस अंकी संख्येचे अवयव हातानं पाडा म्हटलं तर कुणीही वही मिटेल. इथे मात्र अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) एवढंच सूत्र पुरतं.

२⁶⁴ − १ = (२³² − १)(२³² + १)

पहिल्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावायचं, त्यातून निघालेल्या वजाबाकीला पुन्हा तेच. शेवटी उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

या सहा म्हणजे फ्रेंच गणितज्ञ फर्माच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या सहा फर्मा संख्या: २चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट होत जाणारा घात, अधिक १. अशा सगळ्या संख्या मूळच असणार, असं फर्माला वाटत होतं. १६४०च्या सुमाराच्या पत्रांत त्यानं ते लिहिलंही. पहिल्या पाच मूळ आहेतच. सहावीला १७३२मध्ये ऑयलरनं फोडलं: ६४१ × ६७००४१७.

आता गंमत बघा. या सहाव्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४च्या पटीपेक्षा एकानं जास्त असावा लागतो, हेही ऑयलरनंच सिद्ध केलं. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ आधीच गळते, कारण कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक मूळ अवयव नसतो. म्हणजे चौथ्या भागाकारालाच काम फत्ते. एवढा हिशेब फर्माच्या हातून राहिला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. शिवाय ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. या दोन रूपांतून भाग जातो हे भागाकार न मांडताच चार ओळींत दाखवता येतं. अकरावीच्या हुशार पोरांना मी हे घरी करायला देतो.

उरलेल्या पाच मूळ संख्यांचं गाउसनं सोनं केलं. पट्टी आणि कंपासनं सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, हे त्याला १७९६मध्ये, एकोणीसही पूर्ण नसताना, सापडलं. बाजू विषम असतील, तर त्यांची संख्या ही एखादी मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५. विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज असे काढता येतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांत सर्वांत जास्त बाजू इतक्याच. सहावी मूळ फर्मा संख्या मिळाली तर हा आकडा लगेच बदलेल, पण ६५५३७च्या पुढे तशी एकही आजवर सापडलेली नाही.