छतातून येणारा उजेड

शिल्पांचे फोटो काढणं हे माझं रोजचं काम. तरी ब्रसेल्सच्या सँकाँतनेर पार्कमधल्या त्या मंडपाचं दार उघडलं आणि बराच वेळ कॅमेरा बॅगेतच राहिला. समोर एकच उठावशिल्प, सुमारे 12 मीटर रुंद आणि 8 मीटर उंच. इटलीतल्या करारा गावचा पांढरा संगमरवर आणि त्यात एकमेकांत गुंतलेले उघडे देह: आई आणि मूल, प्रेमात पडलेले, लढणारे, आत्महत्या करणारे, क्रुसावरचा ख्रिस्त. या सगळ्यांच्या वर, मधोमध, वस्त्र पांघरलेला मृत्यू. बेल्जियन शिल्पकार येफ लांबोचं ‘मानवी वासना’ ते हेच.

माझ्या सहायकाने सवयीने विचारलं, “सर, फ्लॅश लावू?”

“अजिबात नको. आधी वर बघ.”

वर काचेचं छत होतं. बाहेर आभाळ भरलेलं, त्यामुळे मऊ, सारखा उजेड खाली उतरत होता. भुवया, गुडघे, मनगटं यांच्याखाली हलक्या सावल्या पडल्या होत्या, त्यामुळे शरीरांना वजन आलं होतं. हाच उजेड समोरून आला असता तर सगळं सपाट दिसलं असतं. उठावशिल्पाचा समोरच्या प्रकाशाइतका मोठा शत्रू दुसरा नाही.

गंमत म्हणजे या वास्तूचा सगळा वाद याच गोष्टीवरून झाला. मंडप वास्तुकार व्हिक्टर ओर्ताचा. काम मिळालं तेव्हा तो तिशीही ओलांडलेला नव्हता. दिसायला ग्रीक मंदिर, पण रेषा नीट न्याहाळल्या की भिंती किंचित वळलेल्या जाणवतात. दर्शनी खांबांमधून शिल्प बागेतूनच दिसावं, ही त्याची कल्पना. लांबोला मात्र खांबांमागे भिंत हवी होती, म्हणजे उजेड फक्त वरून येईल. दोघेही हटेनात. 1 ऑक्टोबर 1899 ला उद्घाटन झालं आणि काही दिवसांतच समोर लाकडी आडोसा उभा राहिला. नग्नतेवरून ओरड झाली ती वेगळीच. अखेर भिंत बांधली गेली, तेव्हा लांबो हयात नव्हता. त्याचं 1908 मध्येच निधन झालं होतं.

ओर्ताचं म्हणणं मला कळतं. एवढं मोठं काम बंद खोलीत ठेवणं जिवावर येतंच. पण त्या दिवशी मी पूर्णपणे लांबोच्या बाजूला होतो, आणि अजूनही आहे.

दुपारी ढग सरकले आणि उजेड एकदम कडक झाला. मृत्यूच्या डोक्यावरच्या वस्त्राखाली चेहरा काळा पडला, खालच्या देहांवर मात्र ऊन चमकू लागलं. आम्ही घाईने एक्सपोजर कमी केलं. जवळ गेल्यावर एका मांडीवरून जाणारी ठोकळ्यांच्या सांध्याची बारीक रेषा दिसली. मघाच्या मऊ उजेडात ती अजिबात लक्षात आली नव्हती.

संपादकांना मी दोन्ही फोटो पाठवले आणि सोबत लिहिलं: छापायचा एकच असेल, तर ढगाळ उजेडातला छापा, सांधा दाखवायचा असेल, तर उन्हातला.