माझ्या तोतयाची शिवराई

बुधवार, रात्री सव्वाअकरा

पावसानं जरा उघडीप दिलीय. संध्याकाळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 37 फूट होतं. इशाऱ्याला 39, धोक्याला 43. गल्लीत दिवसभर तोच हिशेब चाललाय. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? मला मात्र पाण्याचं काही पडलेलं नाही, आणि हे लिहिताना लाजही वाटते. डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. रविवारी रात्री मी सात जणांच्या मोबाईलवर गळ्यापर्यंत अडलो होतो, आणि सातांतल्या एकानंही "काय झालं रं?" म्हणून विचारलं नाही.

म्हणजे अडलो होतो तो मी नव्हे. तो तोतया, माझ्या नावानं खोटं खातं उघडून बसलेला. पण त्यांना कुठं माहीत होतं?

मला कळलं तेच मुळी अण्णांच्या रागामुळं. सोमवारी सकाळी दाढीला साबण लावलेला असताना फोन आला. "सगळा डबा एकदम देणार का निवडून?" मी म्हटलं, कसला डबा? "शिवरायांचा की. गुजरीत मी चाळीस वर्षं बसलोय, मला एका शब्दानं विचारलं न्हाईस. भलत्या पोरांना दाखवत सुटलायस." शिवराया म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, आम्हा सगळ्यांचा नाद. अण्णा खरंच रुसले होते. मी विकतोय याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. आधी त्यांना विचारलं नाही, एवढंच लागलं होतं. मी विकत नाही म्हटल्यावर तर आणखी रुसले. त्यांना वाटलं, सौदा ठरला असणार आणि आता मी लपवतोय.

तोंडावरचा साबण वाळेपर्यंत मी फेसबुकवर स्वतःला शोधत होतो. सापडलो. माझंच नाव, पन्हाळ्याला तीन दरवाजासमोर डोळे बारीक करून उभा असलेला माझाच फोटो, आणि खाली शिवजयंतीला मी हौसेनं टाकलेला लाल मखमलीवरचा ट्रे. मित्रयादी मीच सगळ्या जगाला उघडी ठेवलेली. त्यातले नाण्यांवाले त्यानं बरोबर वेचून काढले होते. माझ्या नात्यातल्या एकालाही त्यानं हात लावला नाही. एवढी पारख आमच्यातही फार थोड्यांना आहे.

आणि लिहिलं काय, तर "नमस्कार, कसे आहात? एक छोटीशी मदत हवी होती. आईचे ऑपरेशन आहे, पैशांची तातडीने गरज आहे. माझा संग्रह विकत आहे. एक नाणे 3,500. जे आधी 2,000 पाठवतील त्यांच्यासाठी राखून ठेवीन."

कसे आहात! बापूला! शाळेपासून आजपर्यंत मी त्या माणसाला 'मर्दा'शिवाय दुसरी हाक मारलेली नाही. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर नाव घालतानासुद्धा हात अडखळला होता.

आईचं म्हणाल तर येत्या मार्गशीर्षात चार वर्षं होतील. बापूनं खांदा दिलाय. ते इथंच सोडतो.

काल संध्याकाळी भवानी मंडपात चहाला सगळे जमलो तेव्हा एकेकानं आपापला मोबाईल पुढं केला, हसत हसत. मीही हसत हसत वाचले. आता अंथरुणात एकेक ओळ परत आठवतेय. बापूचं उत्तर दुसऱ्याच मिनिटाला गेलं होतं : "त्यात सीववाली आहे काय?" लगेच खाली : "3,500 लई होतात. 2,800 कर." त्यावर तोतया म्हणतो, "ठीक आहे सर." सर! तरी बापूच्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट 2,800 ला लगेच कबूल झालो म्हणून त्याला वाईट वाटलं, 2,500 म्हणायला पाहिजे होतं. हे त्यानं स्वतः सांगितलं, चहा फुंकत.

दुसऱ्यानं विचारलं होतं, वजन किती? तिसऱ्यानं, कडेचे ठिपके पूर्ण आहेत का? चौथ्यानं, दुदांडी, म्हणजे मधे दोन रेघा असलेल्या नंतरच्या शिवराया, असतील तर नकोत, माझ्याकडं ढीग आहे. पाचव्यानं मागच्या बाजूचे फोटो मागितले आणि उजेडात काढ म्हणून बजावलं. सहाव्यानं, ज्याला मी हा नाद लावला, पहिली शिवराई फुकट दिली, त्यानं फक्त आंगठा पाठवला. आईच्या ऑपरेशनला आंगठा.

मी बापूला विचारलंच. आई असं लिहिलेलं होतं, ते वाचलंस न्हाईस?

"न्हाई मर्दा. खाली फोटो होता, तो मोठा करून बघालतो."

खोटं बोलत नव्हता. मला तो ट्रे माहीत आहे. वरच्या ओळीतली तिसरी, जरा तिरकी पडलेली. एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्र पति', असं सगळ्याच शिवरायांवर असतं. पण ठसे हातानं कोरलेले, कोरणारे हात वेगवेगळे. कुणी शिव लिहिलं, कुणी शीव, कुणी सिव, कुणी सीव. त्यात तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, म्हणून ठोकताना अक्षरं बाहेर जायची. पूर्ण 'सीव' चकतीत बसलेली हाताला लागायची म्हणजे भांडीवाल्याकडची मोडीची पोती वर्षानुवर्षं चिवडावी लागतात. बापूनं माझ्यापेक्षा जास्त चिवडलीत आणि लागली मला. तो फोटो मोठा करून बघणार नाही तर काय करणार? हे सगळं मला समजतं. समजूनही झोप येत नाही.

दिगूचं प्रकरण तर वेगळंच. त्यानं 2,000 पाठवले. पाठवताना वर भलत्याच माणसाचं नाव आलं, तरी पाठवले. मी म्हटलं, नाव बघितलं न्हाईस? तर म्हणे, "बघितलं की. तुझ्या जावयाचं असंल म्हटलं." माझी पोरगी अजून कॉलेजात आहे, आणि दिगू दर गणपतीला आमच्याकडं जेवायला असतो. सोमवारी दुपारी मीच त्याला 1930 ला, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावायला बसवलं. तासाभरात कळवलं असतं तर पैसे वाटेत अडवता आले असते म्हणतात. इथं रात्र उलटून गेली होती. तक्रारीचा नंबर मिळालाय, पुढचं बघू. आता दिगू माझ्याशी जरा तुटक बोलतोय. पैसे मी घेतले नाहीत, पण नाव माझं होतं, असं काहीसं. अर्धे मी द्यावेत का? हिला विचारलं नाही अजून.

खोटं खातं आम्ही पंधरा जणांनी मिळून रिपोर्ट केलं, काल दुपारी ते गेलं. मित्रयादीही झाकून टाकली. घोडा गेल्यावर तबेल्याला कडी.

गंमत अशी की आमच्याइतका सावध माणूस या गावात दुसरा नाही, अशी आमची समजूत. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ट्रॅक्टरवाली पाचची नोट नाहीतर वैष्णोदेवीचं नाणं घेऊन येतं आणि विचारतं, याचे लाखो रुपये मिळतात म्हणे? आम्ही त्याला चहा पाजतो, रिझर्व्ह बँकेनं 2021 साली काढलेली सूचना वाचून दाखवतो, की बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कमिशन म्हणून कुणाला एक पैसा देऊ नका. तो खट्टू होऊन जातो आणि आम्ही माघारी हसतो. ओतीव बनावट नाणं कडेच्या शिवणीवरून बापू बघताक्षणी ओळखतो, हातात न घेता. यावरून आता कुणीतरी मला नाण्यांची आणि माणसांची पारख असलं काहीतरी ऐकवणार, ते नको म्हणून काल मी चहा संपायच्या आतच उठलो.

वाटेत भाऊसाहेबांचा तोतया आठवला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो. त्याच्या मागं माणसं उभी राहिली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, पुण्याला धाकधूक लागली, 1776 साली त्याला मारला तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. पण लोक त्याच्या मागं का गेले, तर भाऊ परत यावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझ्या तोतयाला मिळाले 2,000 रुपये, आणि तेसुद्धा शिवराईवर डोळा ठेवून. मी परत यावा असं कुणाला वाटायला मी गेलोच नव्हतो कुठं, हेही खरं. पण एक फोन? "अरे, काकूंचं काय?" एवढं तरी. मग विचारणाऱ्यालाच आठवलं असतं, काकू कुठल्या आता. आणि तोतया तिथंच पकडला गेला असता. म्हणजे चार शब्द विचारले असते तर दिगूचे पैसेही वाचले असते.

हे सगळं मी आज जेवताना हिला ऐकवत होतो, तिसऱ्यांदा. ही भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आप्पांना बघायला गेलो होतो तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं?"

ते मी विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, पण ही तिथं होती हे विसरलो होतो.

आप्पांना अर्धांगाचा झटका आलेला. चौथा दिवस. मी दोन शहाळी घेऊन गेलो, स्टुलावर बसलो. आप्पांचं निम्मं तोंड ओढलेलं, डाव्या हाताला सलाइन. सूनबाईंनी सांगितलं, बोललेलं सगळं कळतंय. आता माणूस काय विचारतो? झोप लागते का, जेवण जातं का. मी विचारलं, "आप्पा, ते धनुष्यबाण घरीच आहे न्हवं?"

धनुष्यबाण म्हणजे कुर राजांचं नाणं, सातवाहनांच्या काळात कोल्हापूर भागात राज्य केलेले ते. शिशाचं, टाकलं तर वाजतही नाही, मळकं, जवळपास दोन हजार वर्षांचं. एका अंगाला टेकडीसारखी कमानींची रास, दुसऱ्या अंगाला बाण लावलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मीत विळिवायकुराचं नाव. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर असली नाणी निघाली म्हणून तर जगात कोल्हापूरच्या नाण्यांचं नाव. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या वस्तू बघायला आप्पांनीच मला पहिल्यांदा नेलं, बोटभर खापरापासून पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीपर्यंत एकेका वस्तूपुढं अर्धा अर्धा तास. असा माणूस खाटेवर पडलेला आणि मी त्याला कपाटाचं विचारतोय. तेही काळजीच्या आवाजात, कुणी चोरून नेऊ नये म्हणून विचारतोय असं दाखवत.

आप्पा हसले. निम्म्या तोंडानं. मग एकेक अक्षर ओढत म्हणाले, "तू चौथा."

पहिला बापू असणार, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. ते धनुष्यबाण पुढं कुठं गेलं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही.

हिनं ताटात भाकरी टाकली. पुढं काही बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. पण मघापासून मी सात जणांची यादी करून बसलोय त्यात आठवा कोण आहे ते दिसायला लागलंय. तोतयानं उद्या बापूच्या नावानं मला लिहिलं असतं, "संग्रह काढतोय", तर मी काय केलं असतं? बापूकडं 1835 चा विल्यम राजाचा रुपया आहे, नुसता आरशासारखा. मी वरच्या दोन ओळी वाचल्या असत्या असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. "कसे आहात" ला मात्र मी नक्की अडलो असतो. असं आपलं मला वाटतं.

साडेनवाला बापू आला. छत्री असूनही निम्मा भिजलेला. नऊनंतर तो कधी कुणाच्या घरी जात नाही. हिला म्हणाला, वहिनी चहा टाका. बसला. टीव्हीवर पाण्याचीच बातमी चालली होती, ती बघत बसला. चहा झाला. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं, परत टीव्हीकडं बघितलं.

"काकू मला कटाचा रस्सा वेगळा काढून ठेवायच्या," म्हणाला.

मी म्हटलं, होय.

"मी वाचायला पाहिजे होतं रं."

मी काही म्हटलं नाही. असल्या वेळी काय म्हणतात ते आमच्यात कुणाला येत नाही. पुरणपोळीचा दिवस, कटाच्या आमटीचं पातेलं, आई ओरडतेय, बापू दुसऱ्यांदा वाटी पुढं करतोय, असं बरंच काही मधल्या जागेत होतं. टीव्हीवाला सांगत होता, पंचगंगा पात्राबाहेर.

मग तो उठला. दारात चप्पल घालताना छत्री उघडायला जरा जास्तच वेळ लावला. पाठमोराच म्हणाला, "ती सीववाली... आता कधी काढणारच असलास, खरोखरची, तर आधी मला सांग. 2,800 ला मी तयार होतो."

"तो तोतया होता," मी म्हटलं. "त्याला बाजार माहीत न्हवता. पाच हजार."

"चार," बापू म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.