सरकलेली खाट

बोरीकाठचं आमचं धाब्याचं घर पावसाळ्याआधी उतरवायचं ठरलं. वाटण्या झाल्या होत्या. म्हटलं, घर निदान संगणकात तरी उभं राहू दे, आणि मित्राचा लेझर स्कॅनर दोन दिवसांसाठी मागून आणला.

हे यंत्र उभ्या जागेवरून दिसतं तेवढंच टिपतं. खांबामागचं त्याला दिसत नाही. म्हणून ओट्यावरून, ओसरीतून, माजघरातून असे अकरा स्कॅन घेतले. एकेकात लाखो ठिपके, आणि प्रत्येकाची पूर्व-पश्चिम वेगळी! ते एकमेकांवर बसवायला आधी दोन स्कॅनमधल्या तीन सारख्या खुणा आपण दाखवायच्या, म्हणजे कडी, दिवळीचा कोपरा, असं काहीतरी. पुढे बेसल आणि मॅके या संशोधकांनी १९९२ साली मांडलेली रीत कामाला लागते. प्रत्येक ठिपक्याने समोरचा सगळ्यात जवळचा ठिपका जोडीदार धरायचा, अंतरं कमी होतील असा अख्खा स्कॅन जरा फिरवायचा, सरकवायचा, की पुन्हा नव्या जोड्या. फरक घटायचा थांबला की झालं. जवळचा तोच आपला, हा हिशेब भाऊबंदकीत चालत नाही. इथे बहुतेकदा चालतो.

माजघराने मात्र छळलं. फडताळातल्या स्टीलच्या डब्यांवरून लेझर उडाला आणि भिंतीपलीकडे, थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात, एक भुताची खोली तयार झाली. ती पुसली. तरी मधली भिंत दुहेरीच दिसे. मध्यरात्री उजेड पडला: तिसरी खूण म्हणून मी खाटेचा पाय दाखवला होता, आणि दोन स्कॅनच्या मध्ये छतातल्या साण्यातून ऊन आलं म्हणून आजीने खाट वीतभर सरकवली होती. दोन्हीकडचे खाटेचे ठिपके खोडले, नवी खूण दिली. भिंत एक झाली.

एक झाली, पण वरून चार बोटं कललेली. यंत्र तिरकं बसलं असणार, म्हणून मी ती सरळ केली, तर ओसरीचे सगळे खांब कलले. सकाळी गवंड्याकडून ओळंबा आणून भिंतीला सोडला. चार बोटं!

आजी चहा गाळत होती. "ती भीत पयलापासूनच वाकडी शे, भाऊ. माले इचारं का?"

भिंत सरळ करायला केलेलं सगळं मागे घेतलं. संध्याकाळी तिला पडद्यावर माजघर फिरवून दाखवलं. तिने दिवळी पाहिली, फडताळ पाहिलं, मग पुढे वाकून म्हणाली,

"खाट कोठे गयी?"